फणीची वाट

वॉर्डाच्या फरशीवर प्रत्येकाच्या चालण्याची निळी रेघ उमटत असे. त्या वाटेनं जंतू गेले की ती लाल होई. आज सिस्टर मार्थांची रेघ चार खाटांपर्यंत लाल झाली होती.

"या खाटांपाशी तुमचं काम नव्हतं," डॉक्टर शर्वाणी म्हणाल्या.

"वेण्या घालत होते. राऊंडला मोकळ्या केसांनी बसायला बायकांना लाज वाटते हो. पण फणी एकच होती."

सिस्टरना वॉर्डात मनाई झाली. दुसऱ्या दिवशी राऊंडला त्या चार खाटांवरल्या बायकांपैकी भागूआजी डोक्यावरून चादर ओढून बसल्या. काही केल्या तोंड दाखवेनात.

संध्याकाळी एक निळी रेघ थेट त्यांच्या खाटेशी थांबली.

"कामाचं कारण?" भिंतीवरच्या यंत्रानं विचारलं.

"वेणी," डॉक्टर शर्वाणी म्हणाल्या आणि कोऱ्या फणीवर त्यांनी भागूआजींचं नाव लिहिलं.