आधी कोण निघणार

सकाळचा सराव संपत आला तसा इव्हार सवयीने बर्फावरून घसरत दाराकडे निघाला. त्यांच्या आईस हॉकी संघाचा रिवाजच होता. दोन गोलकीपरांपैकी संध्याकाळच्या सामन्यात जो गोल राखणार तो आधी बाहेर पडणार, आणि दुसऱ्याने थांबून बाकीच्यांचे फटके अडवत राहायचं. बारा वर्षं इव्हारच आधी बाहेर पडत आला होता.

"इव्हार, तू थांब जरा," कोच म्हणाला, तेही स्वतःच्या बुटांच्या नाड्यांकडे बघत.

दारापाशी घुटमळणारा तरुण गोलकीपर कानापर्यंत लाल झाला.

"जा बाबा, जा," इव्हारच त्याला म्हणाला. "अंघोळीचं गरम पाणी संपायच्या आत जा."

मग तो जाळीपुढे उभा राहिला. एरवी त्याचं डोकं फोडायला टपलेली पोरं आज रबरी चकती अशी हळूच ढकलत होती, जणू आजारी माणसाला पेज भरवताहेत. त्याने सगळ्या अडवल्या.

"अरे, हात मोडलेत का तुमचे? मारा की नीट!"

तेव्हा कप्तानाने मारली. बारा वर्षं शेजारी बसून पॅडचे पट्टे आवळणारा मित्र तो. त्याने मारली ती खरीखुरी. इव्हारला ती दिसलीसुद्धा नाही, नुसता मागे जाळीचा आवाज आला.

"गोलच्या बाहेरून गेली रे, थोडक्यात," कप्तान घाईघाईने म्हणाला.

"हो, बाहेरूनच गेली," इव्हार म्हणाला, आणि गुडघा धरून वाकत त्याने जाळीतली चकती बाहेर काढली.