उलटे केस

हाही झुबका बिघडलेलाच निघाला.

आजींनी तो गालावरून फिरवला आणि चटकन मागे घेतला. मऊ कसला, काटेरी झुडूप होतं ते. शेजारच्या खोलीत आजोबांचं घोरणं सुरळीत चाललं होतं. आजींनी दार हळूच ओढून घेतलं आणि झुबक्याचा दोरा सोडायला घेतला.

दाढीचे जुने ब्रश दुरुस्त करणं हा आजोबांचा निवृत्तीनंतरचा छंद. जन्मभर कारखान्यात फिटर, लोखंडाशिवाय कशाला हात लावला नाही, आणि आता घरभर केस! "मांजर पाळलं असतं तरी बरं, निदान त्याने उंदीर तरी पकडले असते," असं आजी म्हणायच्या. कुणी वडिलांचा ब्रश घेऊन येई, कुणी सासऱ्यांचा. आजोबा त्याची मूठ घासून, तेल पाजून चमकवत आणि तिच्यात बसवायला नव्या केसांचा झुबका बांधत.

खरी मेख त्या झुबक्यातच होती. जनावराच्या केसाचं टोक निमुळतं आणि मऊ असतं, बुडखा मात्र बोथट. सगळी टोकं एका बाजूला यायला हवीत. थोडे केस जरी उलटे घुसले तरी ब्रश गाल ओरबाडतो. कात्रीने छाटायची सोय नाही, कारण मऊपणा त्या टोकातच असतो. उलटा केस चिमटीत धरून उपसायचा, सुलटा करायचा आणि परत घालायचा. एकेक. दुसरा उपाय नाही.

पूर्वी आजोबांच्या हातून एक केस उलटा जात नसे. आता मूठभर जात होते.

आजींना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांना ती खिडकी आठवली. नोकरी सुटल्यावर हा माणूस खिडकीशी नुसता बसून राहायचा. जेवायला हाक मारली तर "ठेव झाकून" म्हणायचा. या ब्रशांनी त्याला माणसांत आणलं होतं. हात गेला हे त्याला कळलं, की तो परत त्या खिडकीशी जाऊन बसणार. आणि या वेळी तिथून उठणार नाही, अशी आजींना भीती वाटत होती.

म्हणून त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. आजोबा सकाळी झुबके बांधून ठेवत आणि संध्याकाळी मुठीत चिकटवत. मधली दुपार आजींची.

खरं तर त्यांचा स्वतःचाच हात धड नव्हता. त्या जुन्या शिवणकाम करणाऱ्या. वाकडी शिवण दिसली की परक्या बाईलाही थांबवून उसवायला लावतील, अशा. पण आजारपणात उजवा हात लुळा पडला आणि मशीनवर चादर आली. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने दाबायला रबरी चेंडू दिला होता. "मी काय तान्हं बाळ आहे?" असं म्हणून आजींनी तो ट्रंकेच्या तळाशी घातला. आजोबा तेव्हा बाजूलाच उभे होते.

पहिल्या झुबक्याला अख्खी दुपार गेली होती. दोरा दातात, केस डाव्या हातात, आणि उजव्या चिमटीतून प्रत्येक केस निसटतोय. चिडून त्या रडल्याही. पण काम टाकलं नाही. आता हातोटी बसली होती. आजोबांचा डोळा उघडायच्या आत झुबका जागच्या जागी जाई.

संध्याकाळी आजोबांनी तयार ब्रश गालावर फिरवला. "बघ, कसा रेशमासारखा झालाय! हात अजून शाबूत आहे म्हणायचा."

"तर! तुमच्यासारखा हात कुणाचा?"

"नुसतं तोंडाने म्हणतेस. कधी हातात घेऊन बघत नाहीस."

"मला नाही बाई त्या केसांत रस," आजी म्हणाल्या आणि भांडी आवरायला उठल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यांनी मनात म्हटलं.

त्याच आठवड्यात दवाखान्यात हात दाखवायचा होता. आजोबा बाहेर बाकावर बसले. आत त्या मुलीने आजींना बटणं लावायला सांगितली, मग टेबलावर टाचण्या पसरल्या. आजींनी त्या भराभर वेचून डबीत टाकल्या.

मुलगी बघतच राहिली. "आजी, रोज चेंडू दाबलात वाटतं!"

आजी ओशाळल्या. खोटं त्यांना जमेना. "चेंडूला मी हातसुद्धा लावला नाही गं. वेळच कुठे होता? यांचा हात गेलाय. झुबके सगळे उलटेसुलटे बांधतात. ते झोपले की मी गुपचूप नीट करते. माझं सोड, तू एकदा त्यांचा हात बघशील का? पण त्यांना कळू न देता. कळलं तर खचतील." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

मुलीने दाराकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"आजी, 'तिला सांगू नकोस' असं त्यांनी मला बजावलंय. पण तुम्ही एवढ्या घोरात आहात म्हणून सांगते. मघाशी चेंडूचं मी मुद्दामच म्हटलं. तुम्ही तो ट्रंकेत टाकलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते इथे आले होते. तुमच्या कुठल्या बोटांना काम हवंय ते विचारलं. मी चिमटी करून दाखवली. तर म्हणाले, 'मग उद्यापासून मी झुबके उलटे बांधतो. व्यायाम ती करायची नाही, पण माझं वाईट काम तिला बघवायचं नाही.'"