बटणांचा डबा

"आजोबा, हात वर करा," म्हणत काकूंनी करडा कोट चढवला. तो पुढे मिटेना. त्याला एकही बटण नव्हतं.

शाळेच्या सभागृहात सगळी गल्ली येऊन पडली होती. नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा जो तो हाताला लागेल ते घेऊन पळाला. चोराला फसवायचं म्हणून काकू दागिने बिस्किटांच्या डब्यात ठेवत. घाईत उचलला तो मात्र त्याच्या शेजारचा, बटणांचा डबा. चोर राहिले बाजूला, काकूच फसल्या. कपड्याची चिंधी झाली तरी त्याचं बटण वाया जाऊ द्यायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. लोक पोट धरून हसले. काकूही हसल्या आणि मग तोंड फिरवून रडल्या.

पण डबा कामाला आला. गेल्या वर्षी पलीकडच्या वस्तीला आग लागली तेव्हा गोळा केलेले, उरलेले कपडे कोठीतून बाहेर निघाले होते. कशाची शिवण उसवलेली, कशाचं बटण गेलेलं. काकू सुई घेऊन बसल्या त्या बसल्याच.

घरी नळ सोडला की गरम पाणी यायचं. त्याचं कौतुक सोडाच, जरा उशीर झाला की त्या सुनेला बोल लावायच्या. इथे कपभर गरम पाण्यालाही रांग होती, आणि काकू आपला कप आजोबांना देत होत्या.

आजोबा म्हणजे शेजारचे घड्याळजी. दम्याचं दुखणं, त्यात फरशी गारठलेली. "छाती उघडी राहिली तर माझ्या हातात काही नाही," असं डॉक्टरीणबाई बजावून गेल्या होत्या.

"कोट चांगला जाड आहे," आजोबा धापा टाकत म्हणाले. "देणाऱ्याचं भलं होवो."

"कसलं भलं!" काकू कडाडल्या. "ही तुटलेली नाहीत, कापलेली आहेत. इथे तर कापडासकट, भोक पाडून! कोट द्यायचा आणि बटणं ठेवून घ्यायची? हात झडोत मेल्याचे!"

"आई, असं बोलू नका," सून हळूच म्हणाली.

"का नको? आपणही दिलंच की तेव्हा. भाडेकरू टाकून गेला ते आख्खं गाठोडं!"

सुनेनं सुईत दोरा ओवून दिला.

काकूंनी कोट मांडीवर घेतला आणि डबा उपसला. एकसारखी चार मोठी बटणं तळाशी सापडली. तीन भराभर शिवून झाली. आजोबांचे डोळे भरून आले.

"पोरी, तुझ्या हातांना यश येवो," ते म्हणाले.

काकूंनी चौथं बटण उचललं. त्याच्या मागे करड्या कापडाचा तुकडा अजून चिकटलेला होता. त्यांनी तो कोटाच्या भोकावर ठेवून पाहिला.

बरोब्बर बसला.