निर्जळी

मोरोपंतांनी पुन्हा जानवं कानावर चढवलं, परसातल्या भिंतीशी जाऊन उभे राहिले, आणि पुन्हा तसेच परत आले. पाय धुतले, चूळ भरली. तोंडातलं पाणी थुंकताना जिवावर आलं, पण माजघराच्या दारातून अनसूयाबाई बघत होत्या.

"कालपासून थेंब नाही पोटात," त्या शेजारणीला सांगत होत्या. "मुद्दाम अमरावतीहून बोलावलं. निर्जळी राहून रुद्र म्हणणारा दुसरा ब्राह्मण साऱ्या वऱ्हाडात भेटायचा नाही."

अनसूयाबाईंच्या सुनेला पुन्हा दिवस गेले होते. आधीच्या दोन्ही वेळा टिकले नव्हते. म्हणून अकोल्याला त्यांचे पती रावबहादूर बापूसाहेब वकील यांच्या घरी हा लघुरुद्र चालला होता.

निर्जळीचं खरं कारण असं, की मध्यंतरी एका पूजेत पंतांना सारखं उठावं लागलं आणि लोक गालात हसले. तेव्हापासून ते पूजेच्या आदल्या संध्याकाळीच पाणी सोडत. प्यायचंच नाही, म्हणजे उठायला नको. लोकांनी त्याचं व्रत केलं. व्रताचा बोलबाला झाला, आमंत्रणं वाढली, आणि खरं सांगायची सोय राहिली नाही.

पंत पाटावर येऊन बसले. पिंडीवर अभिषेकाची बारीक, न तुटणारी धार पडत होती. तिच्याकडं बघणं त्यांनी टाळलं. ओटीपोट दगड झालं होतं.

"पंत," शेजारचे कमलाकांतभटजी श्वास घ्यायच्या निमित्तानं पुटपुटले, "जानवं कानावरच राहू द्या ना. काहून चढवून-उतरवून राहिले?"

एरवी पंतांनी त्यांना दुप्पट सुनावलं असतं. आज त्यांची ऋचाच चुकली. कमलाकांतांनी चमकून पाहिलं, तर पंत पांढरेफटक, अंगावर घामाच्या धारा. कमलाकांतांची थट्टा तिथंच विरली. त्यांनीच हात धरून पंतांना मागच्या खोलीत नेलं आणि बैठकीतून बापूसाहेबांच्या साडूंना, डॉक्टर केशवरावांना, बोलावून आणलं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. "कधीपासून बंद?"

"काल रात्रीपासून."

"आणि त्याआधी?"

"धार बारीक. थांबून थांबून. झाली तरी उरल्यासारखं वाटे."

"मग कोणाला बोलले काहून नाही?"

"काय बोलणार? कुठलं तरी पाप असेल म्हटलं."

"पाप नाही, पंत, वय आहे. मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषाला एक गाठ असते. उतारवयात ती वाढते आणि वाट आवळते. तुमची वाढली तशी कमिशनरसाहेबाचीही वाढते. तो रुद्र म्हणत नाही, एवढाच फरक. पाणी तोडून ती लहान होत नाही. आणि ताटकळून धरून बसलं, की एखाद दिवशी असं सगळंच अडतं."

टांगा पाठवून डॉक्टरांची पेटी आणवली. रबरी नळी उकळली गेली. मग बराच वेळ खोलीत बादलीचा तेवढा आवाज होता. पंत छताकडं बघत पडले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून कानांत पाणी उतरत होतं. कालपासून थेंब न घेतलेल्या देहात एवढं कुठं साठलं होतं, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"आजचं भागलं," नळी काढून घेत डॉक्टर म्हणाले. "उद्या माझ्याकडं या. पुन्हा अडलं तर पुन्हा नळी. नाहीच भागलं तर नागपूरला ऑपरेशन. दिवसा नीट पाणी प्या, संध्याकाळनंतर बेतानं. लागली की उठायचं, मग समोर महादेव का बसला असेना. आता हा तांब्या संपवा."

ते हात धुवायला गेले. पंतांनी तांब्या ओठांशी नेला, तोच अनसूयाबाई आत आल्या.

"बरं वाटतं ना, महाराज? शेवटचं आवर्तन राहिलं आहे."

पंतांनी तांब्या खाली ठेवला.

"बाई, ते व्रत नव्हतं. मला लघवीचा त्रास आहे. मधे उठावं लागू नये म्हणून पाणी पीत नव्हतो. आजवर सगळ्यांना फसवत आलो."

दारातून समोरच सून दिसत होती. पोटावर हात ठेवून, डोळे मिटून बसलेली. बाईंनी तिच्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"किती हा विनय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यानं मिरवलं असतं."

"विनय नाही हो, बाई. मला तहान लागली आहे."

"लागणारच. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

त्यांनी वाकून पंतांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि उठताना तांब्या उचलून आत नेला.