मापापेक्षा जरा मोठे

“ही टोकं जन्मात जुळायची नाहीत!” थोरली जाऊ म्हणाली आणि चौकोनांची चळत तिने टेबलावर पत्त्यांसारखी पसरली. प्रत्येक चौकोनात दोन त्रिकोण शिवलेले, एक निळा, एक पिवळा. चार चौकोन शेजारी मांडले की मधोमध भिंगरी दिसायला हवी. ही भिंगरी कोणाच्या तरी पायाखाली आल्यासारखी दिसत होती.

रविवारी नणंद तिची दत्तक लेक घरी आणणार होती. वाट पाहून पाहून डोळे शिणल्यावर मिळालेली पोर. “तिची गोधडी माझ्या दोन्ही वहिनींनी मिळून शिवायची,” असा नणंदेचा हट्ट. म्हणून निम्मे चौकोन थोरलीने केले, निम्मे धाकटीने. कापड तेच, दोरा तोच, मशीनही तेच. झालेले चौकोन सासूबाईंनी उचलून डब्यात रचले होते, दोघींच्या दोन चळती करून. एक अगदी काटेकोर. दुसरी ही अशी.

कोणती चळत कोणाची, हे विचारायची थोरलीला गरजच वाटली नाही. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा तिला पगार मिळायचा, आणि घरी तेच काम ती फुकट करायची. धाकटी मुलांना पोहायला शिकवायची. तिचं साधं बोलणंही तलावाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं. भाजी चिरली तर एक फोड बोटाएवढी, दुसरी मुठीएवढी.

धाकटी ओले केस पुसतच खोलीत आली.

“बघ काय करून ठेवलंयस! रविवार परवावर आलाय. आता हे सगळं उसवत बसायचं?”

धाकटीने एक चौकोन उचलला. उलटून पाहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, “ताई, एकदा करून दाखवा ना. म्हणजे नेमकं कुठे चुकतंय ते कळेल.”

थोरलीला स्फुरण चढलं. तिने बरोबर मापाचे दोन चौकोन कापले. निळ्यावर पिवळा, सुलट बाजू आत. पेन्सिलीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर शिलाई. मग रेघेवरून कात्री. “एका फटक्यात दोन तयार,” ती ऐटीत म्हणाली. नवऱ्याचा शर्ट असावा तशी तिने त्यांवर दाबून, ओढून इस्त्री फिरवली आणि पट्टी लावली.

चौकोन एका बाजूने सुटला होता आणि दुसरीकडे अंग चोरून बसला होता.

थोरलीने पुन्हा मोजलं. पट्टी फिरवून मोजलं. मग चष्मा पुसून मोजलं.

“ती सरळ चळत कोणाची?” तिने विचारलं.

“माझी,” धाकटी म्हणाली, आणि चक्क हळू म्हणाली. “माझा हात वाकडा चालतो, मला ठाऊक आहे ना. म्हणून कापतानाच मी जरा मोठे कापते. शिवून झाले की पट्टीची तिरकी रेघ शिलाईवर बसवते आणि जादाचं छाटून टाकते. आणि इस्त्री नुसती टेकवून उचलते. उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं, कापड ओढलं की वाढतं.”

“मग मघाशीच का नाही बोललीस?”

“तुम्हाला चूक दाखवायची या घरात कोणाची छाती आहे, ताई?”

ती हसत म्हणाली खरी, पण थोरलीच्या वर्मी बसलं. ती उसवायला सुई शोधू लागली.

“उसवताय कशाला? सगळेच थोडे थोडे छाटू. गोधडी लहान होईल, एवढंच. बाळ तरी कुठे मोठं आहे!”

थोरली काही म्हणायच्या आत धाकटीने स्वतःची ती नेटकी चळत पुढे ओढली. एक चौकोन पट्टीखाली धरला, आणि मेहनतीने साधलेलं ते टोक निर्धास्तपणे कापून टाकलं. थोरली बघतच राहिली. तिने आपली चळत उचलली आणि खुर्ची धाकटीच्या शेजारी ओढली.

“काय गं, कोणाची चूक निघाली शेवटी?” आतून सासूबाईंनी विचारलं.

“माझी, आ…” धाकटीने सुरुवात केली. थोरलीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

“माझी चूक, आई!” ती खणखणीत आवाजात म्हणाली.

 सासूबाई आतूनच करवादल्या, “धाकटे, तिच्या नकला पुरे हं! थोरलीने ऐकलं तर घर डोक्यावर घेईल.”