दोरावरची रजई

चिखलात रुतलेल्या जीपमधून धाकटीने फोन केला भाऊजींना. आली मात्र ताई. आई गेल्यावर तिच्या रजईवरून वाजलं, तेव्हापासून दोघींत अबोला. रजई अर्थातच ताईने पळवली होती. ताईने हातमोजे चढवले, आपल्या गाडीला स्वतः बसवलेल्या विंचचा, म्हणजे ओढयंत्राचा, पोलादी दोर उलगडून जीपला अडकवला. विंच घुरघुरली, दोर ताठ झाला, धाकटी शेजारीच गंमत बघत उभी. ताईने दोर सैल सोडला आणि मागच्या सीटवरची तीच रजई आणून त्यावर टाकली. “अगं, ग्रीस लागेल तिला,” धाकटीच्या तोंडून निघून गेलं. “लागू दे. दोर तुटला तर चाबकासारखा उसळतो. रजईच्या वजनाने पडेल. आधी लांब हो.” जीप बाहेर आली. चिखलमाखल्या रजईची घडी घालायला दोघी लागल्या. “मी धुऊन आणते,” धाकटी पुटपुटली. ताईने आपली टोकं तिच्या हातात दिली.