मंत्र्यांचं उत्तर

तंजावरजवळच्या आमच्या गावच्या दवाखान्याला दोन वर्षं डॉक्टर नव्हता. माझे वडील, अप्पा, दर सोमवारी तालुका कचेरीत जाऊन तक्रार देत. "रायर, आम्हाला काय सांगता? मद्रासला विधानसभेत विचारा!" एकदा कारकून हसून म्हणाला. इकडे आम्हा मराठी लोकांना 'रायर' म्हणतात.

अप्पांनी खरंच आमदारांकरवी प्रश्न विचारला. मंत्र्यांनी माहितीसाठी तो कलेक्टरांकडे पाठवला आणि कलेक्टरांनी त्याच कचेरीत, त्याच कारकुनाकडे.

अठ्ठावन्न सालच्या मार्चमध्ये अप्पांच्या छातीत कळ आली. बैलगाडी तंजावरला पोहोचेपर्यंत ते गेले होते.

काल आमदारांचं पत्र अप्पांच्या नावे आलं. मी फोडलं. मंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिलं होतं:

"मार्चपासून त्या गावातून एकही तक्रार आलेली नाही. सबब, डॉक्टर नेमण्याची आवश्यकता दिसत नाही."